व्हिलनचा चहा

गोपसरांच्या टेबलाशी रविवारी दुपारी माणसं चार असायची आणि चहाचे कप पाच. पाचवा कप बशीने झाकून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेला असे. तो व्हिलनचा कप.

असं एकदम लिहिलं की सर विक्षिप्त होते असं वाटेल. थोडे होतेही. पण मला त्यांच्याविषयी नीट लिहायचं आहे आणि नीट लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील आनंदनगरला एका केमिकल कंपनीत ड्रम हलवतात, आई बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत पापड लाटते. मी लिहिलेलं चुकलं तर सांगणारं घरी कोणी नाही. गोपसर होते तेव्हा ते चुकीभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचे आणि बाजूला लिहायचे, ‘कशाला घाबरलीस?’ टायपिंगमधल्या सगळ्या चुका भीतीने होतात असं त्यांचं मत होतं. बोटाला येत असतं, माणूस घाबरतो.

त्यांची टायपिंग-शॉर्टहँडची इन्स्टिट्यूट उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात होती. जुन्या बराकीवर पत्र्याचा एक मजला चढवलेला, वर जायला लोखंडी जिना, खाली जीन्स शिवणारा कारखाना. खालच्या मशिनांची थरथर जमिनीतून पायात यायची. मी एफ.वाय.ला असताना नाव घातलं, कारण वडिलांना कोणी तरी सांगितलं होतं की मुलीला टायपिंग आलं तर ती उपाशी राहत नाही. पहिल्या दिवशी मी जिन्याच्या अर्ध्यावर उभी राहिले. वरून अकरा टाइपरायटरचा आवाज येत होता आणि त्या आवाजावर एक माणूस इंग्रजी बोलत होता, इतकं सावकाश आणि स्वच्छ की प्रत्येक शब्द मला दिसत होता. अर्थ कळत नव्हता, पण दिसत होता.

आवाज त्यांच्या देहाला शोभणारा नव्हता. सर उंच, काटकुळे, पांढऱ्या सफारीत हँगरला लटकवल्यासारखे दिसायचे. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. हातात स्टॉपवॉच घेऊन ते शॉर्टहँडचं डिक्टेशन द्यायचे. साठ म्हणजे मिनिटाला साठ शब्द, मग ऐंशी, मग शंभर. घड्याळाकडे न बघताही त्यांचा स्पीड हलायचा नाही. माणसांनाही ते स्पीडनेच ओळखत. कॉलेजचे एक प्राध्यापक एकशेवीसचे, खालचा कारखानदार नव्वदचा. “बघ बेटा,” ते मला म्हणाले होते, “शंभरने बोलतो तो स्वतः घाबरलेला असतो. साठने बोलतो त्याला तू घाबर.” आणि क्लास सुटला की जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, “हळू. साठच्या स्पीडने.” जिना खरंच वाईट होता.

रविवारच्या खेळाचं असं झालं. सरांची बहीण परदेशात असते. तिने जुन्या कपड्यांचं पार्सल पाठवलं, त्यात भाच्याची एक पेटी चुकून आली. पेटीत नियमांचं जाड पुस्तक, गोष्टींची तीन बारीक पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे. एका फाशाला तर वीस बाजू. भाभींना, म्हणजे सरांच्या बायकोला, ते जुगाराचं सामान वाटलं आणि त्यांनी पेटी माळ्यावर टाकली. सरांनी काढून दोन पावसाळे ती पुस्तकं वाचली. मग शॉर्टहँडच्या बॅचमधल्या आम्हा तिघांना बोलावलं. मी, नरेश आणि भगवान. नरेशच्या घरचं कापडाचं दुकान, त्याचं तोंड कधी बंद नसायचं. भगवान बदलापूरच्या पुढे बारवीच्या बाजूच्या पाड्यावरून यायचा आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलायचा.

खेळ सांगायला सोपा आहे. सर गोष्ट सांगणार, आम्ही तिघं गोष्टीतली तीन माणसं. पुढे काय करायचं ते आम्ही ठरवायचं. धोक्याचं काही करायचं असेल तर फासा टाकायचा, आकडा चांगला पडला तर जमलं. गोष्टीतली बाकीची सगळी माणसं, पहारेकरी, भटारीण, कुत्रा आणि व्हिलन, सरांच्या आवाजात. पट नाही, सोंगट्या नाहीत. सगळं बोलण्यात.

नरेशने दरोडेखोर निवडला, भगवानने जंगलातला वाटाड्या. मी नकाशे काढणारी बाई घेतली, कारण नकाशा काढणाऱ्याला बोलावं लागत नाही असं मला वाटलं. घरी मी शॉर्टहँडची जादा प्रॅक्टिस आहे असं सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं. झालेली गोष्ट मी वहीत शॉर्टहँडने उतरवून घेत असे, आणि सर ती वही तपासत.

पहिल्या रविवारी सरांनी तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. तिन्हींना खाकी कव्हर घातलेलं, नाव नाही. म्हणाले, चित्र बघून निवडाल, आणि चित्रात तलवार असते, तलवारीला कोण घाबरतं? गोष्ट निवडायची म्हणजे व्हिलन निवडायचा. ते प्रत्येक पुस्तकातलं फक्त व्हिलनचं पान वाचणार आणि आम्ही प्रश्न विचारायचे.

नरेशने विचारलं, त्याच्याकडे माणसं किती? सरांनी मान हलवली. “अरे बाबा, घरात सून आणताना विचारतात तेवढं तरी विचारा. तीन-चार महिने दर रविवारी याच्यासोबत चहा प्यायचाय. काय खातो विचारा. कोणावर माया केली होती ते विचारा. जो व्हिलन स्वतःला व्हिलन समजतो तो कच्चा. नको तो.”

पहिल्या पुस्तकात एका किल्ल्याचा दयाळू सरदार होता. दुष्काळात सगळ्यांना जेवायला घालायचा, आणि त्याच्याकडे जेवलेला माणूस घरची वाट विसरायचा. दुसऱ्यात नदीवरची होडीवाली म्हातारी होती. पलीकडे न्यायचं तर ती भाडं म्हणून प्रवाशाची एक आठवण मागायची. तिसरं पुस्तक सरांनी उघडलं आणि थोड्या वेळाने मिटलं. त्यात घंटाघराचा रखवालदार होता. त्याच्या गावात माणसांचे आवाज एकेक करून नाहीसे होत होते. प्रत्येक व्हिलनच्या पानावर तो कसा बोलतो याची एक ओळ होती. याच्या पानावर ती कोरी होती.

“हा नको,” सर म्हणाले. “बोलत नाही त्याला मी वठवणार कसा?”

आम्ही सरदार घेतला. भाभींनी चहा आणला तेव्हा सरांनी एक कप जास्त मागितला, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि झाकला. नियम असा की व्हिलन हरेपर्यंत त्या कपाला हात लावायचा नाही. हरला की तोच गार चहा आम्ही तिघांनी एकेक घोट प्यायचा. नरेश म्हणाला, “सर, व्हिलन को स्पेशल चाय और हमको पार्ले?” भाभी दर रविवारी तो चहा मोरीत ओतताना सिंधीत काहीतरी पुटपुटायच्या. आमच्यावर त्यांचा राग नसायचा. जिन्यात दिसलो की “अचो, वेहो,” म्हणजे या, बसा, हे त्यांचं ठरलेलं.

चौथ्या की पाचव्या रविवारी सरदार पहिल्यांदा माझ्याशी बोलला. तोवर मी नकाशे काढत गप्प बसले होते. गोष्टीत आम्ही तिघं त्याच्या पंगतीत होतो. नरेशने खाण्याचं नाटक केलं, भगवानने अन्न पानाखाली लपवलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. खाली कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली आणि पायातली थरथर थांबली. सर माझ्याकडे वळले. चेहरा तोच, चष्मा तोच, पण बघणारा माणूस दुसराच. “ताई,” ते साठच्या स्पीडने म्हणाले, “तुम्ही काहीच जेवला नाहीत. आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का?”

भरदुपारी माझ्या हातावर काटा आला. आवाजात धमकी नव्हती. तो खरोखर दुखावला होता. मला उत्तर द्यावंसं वाटलं, आणि उत्तर दिलं की मी जेवणार हेही कळत होतं. मी वही मिटून म्हटलं की मला भूक नाही. सरांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा गोपसर होऊन म्हणाले, “सरदार आज झोपणार नाही. पहिल्यांदा कोणी नाही म्हणालं त्याला.”

घरी जाताना भगवान आपणहून बोलला. “मना भ्या वाटला. पन ता भ्या बरा वाटला.” मला ते तेव्हा नीट समजलं नाही.

सरदार संपायला जवळजवळ पाच महिने लागले. दुसरी गोष्ट सुरू करायची त्याआधी सरांचा आवाज बसला. त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, डिक्टेशन कमी केलं. मग मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. आम्हाला भाभींनी जिन्यातच सांगितलं. घशात गाठ आहे, चांगली नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज राहणार नाही. तारीख तीन आठवड्यांनंतरची होती.

आम्ही तिघं वर न जाता खाली कारखान्याच्या दाराशी उभे राहिलो. आता जे लिहिणार आहे त्याची मला अजून लाज वाटते. आम्ही ठरवलं की सरांना कमीत कमी बोलायला लागेल असं खेळायचं. होडीवालीची गोष्ट सगळ्यात लहान दिसत होती, ती घ्यायची. तिच्याशी भांडायचं नाही, तिला फसवायचं नाही, ती मागेल ती आठवण देऊन टाकायची आणि पलीकडे जायचं. कल्पना माझी होती.

तसंच केलं. म्हातारीने नरेशला विचारलं, “कोणती आठवण देतोस?” नरेश, जो पहारेकऱ्याशी अर्धा अर्धा तास घासाघीस करायचा, म्हणाला, “कोणतीही घ्या.” भगवानने मान डोलावली. मी माझ्या नकाशेवाल्या बाईची, तिच्या आईची आठवण देऊन टाकली, एका वाक्यात. तासाभरात होडी पलीकडे लागली. नरेशने झाकलेला कप घ्यायला हात पुढे केला.

सरांनी त्याच्या हातावर लाल पेन्सिल ठेवली. आवाज तेव्हा खरडल्यासारखा येत होता.

“तुम्ही मला सुट्टीवर पाठवलंत,” ते म्हणाले.

मी सांगायला गेले की आम्हाला वाटलं तुम्हाला त्रास होईल. ते मध्येच म्हणाले, “त्रास होणारच आहे. बेटा, मला भीती वाटते. मी पन्नास वर्षांचा आहे आणि लहान मुलासारखी भीती वाटते. घरी बोलता येत नाही, तुमची भाभी रडते. डॉक्टरकडे बोलायला वेळ नसतो. ही एक जागा आहे जिथे माणसं घाबरायला येतात, आणि तिथे तुम्ही मला घाबरू देत नाही?”

मग त्यांनी होडीवालीचं पुस्तक बाजूला सारलं आणि तिसरं पुढे ओढलं. भगवान म्हणाला, “सर, तो नको.” सर म्हणाले, निवडायची पाळी यावेळी माझी.

राहिलेल्या दोन रविवारांत त्यांनी घंटाघराचं गाव उभं केलं. मी तसं काही पुन्हा ऐकलेलं नाही. बाजारात मासेवाली ओरडत असते आणि ओरडता ओरडता तिचं तोंड नुसतं हलत राहतं. देवळात आरती चालू आहे आणि टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. प्रत्येक वेळी आधी घंटा वाजते. घंटेसाठी सरांनी टाइपरायटर जवळ घेतला होता. ओळ संपत आली की वाजते ती टिंग, तेवढाच आवाज. त्यांच्या घशातून अर्धे शब्द फुटत नव्हते. न फुटलेला शब्द ते तसाच सोडून पुढे जात, आणि तो गावातलाच कोणाचा तरी हरवलेला आवाज वाटे. नरेशने दोन रविवार एक विनोद केला नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही मनोऱ्याच्या दाराशी पोचलो. सरांनी पुस्तक मिटलं. जिन्यावर उभे राहून त्यांनी आम्हाला सांगितलं, “हळू. साठच्या स्पीडने.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं.

त्या तीन आठवड्यांत सरांनी आणखी एक काम केलं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. त्यांनी साठ, ऐंशी आणि शंभरच्या डिक्टेशनच्या कॅसेट भरून ठेवल्या. ऑपरेशननंतर इन्स्टिट्यूट पुन्हा सुरू झाली ती त्या कॅसेटवर. भाभी टेप लावायच्या. सर गळ्याला पांढरा रुमाल बांधून स्टॉपवॉच घेऊन समोर बसायचे. आवाज टेपमधून यायचा, ‘डिअर सर, विथ रेफरन्स टु युअर लेटर’, आणि तो ज्याचा होता तो माणूस ओठ मिटून बसलेला. मी एकदाच गेले. माझ्या हातून शॉर्टहँडची एक रेघ धड पडली नाही. मी परीक्षेचं निमित्त सांगून जाणं बंद केलं. नरेश आणि भगवानही गेले नाहीत. आम्ही कॉलेजात एकमेकांना भेटायचो आणि सरांचा विषय काढायचो नाही.

शेवटी भाभींनी नरेशच्या दुकानावर निरोप ठेवला. त्यात एवढंच होतं की सर इन्स्टिट्यूट बंद करून इंदूरला भावाकडे जाणार आहेत आणि या रविवारी कप पाच लावले आहेत. आता हे लिहिताना ते इंदूरलाच असतील. कसे असतील ते मी विचारलेलं नाही. पत्ता आहे माझ्याकडे. विचारायला भीती वाटते.

आम्ही गेलो. बरेच टाइपरायटर विकले गेले होते, हलवलेल्या टेबलांच्या जागी जमिनीवर पांढरे चौकोन राहिले होते. एक तेवढा टेबलावर होता. भाभींनी चहा ओतला आणि पाचवा कप झाकला. सर आले आणि आपल्या खुर्चीत बसले नाहीत. ते व्हिलनच्या खुर्चीत बसले. त्यांनी तिसरं पुस्तक उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

मी म्हटलं, मला नाही जमणार सर. त्यांनी माझ्या वहीवर पेन्सिल टेकवली. सगळी गोष्ट माझ्याच अक्षरात होती, हे खरं होतं. मी सुरुवात केली. मनोऱ्याचं दार, आतला अंधार, वर जाणारा जिना. मी बहुतेक एकशेचाळीसने बोलत होते. सर पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायला लागले. टक, टक, टक. मी त्या ठोक्यांवर आले.

जिना संपला तिथे रखवालदार उभा होता. पुस्तकात पुढे लिहिलं होतं की तो काही बोलत नाही. घंटा वाजते, समोरच्याने बोलायचं, आणि जो खोटं बोलेल त्याचा आवाज गेला.

सरांनी टाइपरायटरचा कॅरेज सरकवला. टिंग. त्यांनी नरेशकडे बघितलं.

नरेश म्हणाला, “मैं किसीसे नहीं डरता.”

सरांनी नुसतं बोट त्याच्या गळ्याकडे केलं. नरेश त्यानंतर बोलला नाही. बोलला नाही म्हणजे खरंच नाही, घरी जाईपर्यंत.

टिंग. भगवान खाली बघत पुटपुटला की त्याला काय भ्या नाय. बोट त्याच्याकडे गेलं.

मग सर माझ्याकडे वळले. चष्मा तोच, गळ्यावर रुमाल, आणि मधल्या टेबलावर तो झाकलेला कप. खाली सुट्टी झाली आणि मशिनं थांबली. रखवालदार बघत होता की सर बघत होते, मला कळत नव्हतं. मी पुस्तकात बघितलं, तिथे माझ्यासाठी वाक्य नव्हतं. टिंग.

“मला भीती वाटते सर,” मी म्हटलं. “तुमची वाटते. म्हणून मी येत नव्हते.”

रखवालदार म्हणायला हवं होतं, मी सर म्हटलं. ते तोंडातून गेलं तेव्हाच मला कळलं. सरांनी हात पुढे केला, कपावरची बशी उचलली आणि बाजूला ठेवली. चहावर साय धरली होती. त्यांनी कप उचलला आणि अगदी सावकाश, प्रत्येक घोट सांभाळून गिळत, अर्धा प्यायला. दारात भाभी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. सरांनी उरलेला कप माझ्याकडे सरकवला.

आम्ही तिघांनी एकेक घोट घेतला. गार आणि फार गोड होता.

निघताना भगवान त्यांच्या पाया पडला. नरेशने हात धरला आणि सोडला. मी सगळ्यात शेवटी बाहेर पडले. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळून बघितलं तेव्हा ते अजून त्याच खुर्चीत बसले होते, समोर उघडा रिकामा कप. मी कठड्याला धरून भराभर उतरायला लागले, कारण मला रडू येत होतं. वरून टेबलावर पेन्सिलीचा ठोका पडला. मग दुसरा. मी थांबले. ठोके येत राहिले, एकसारखे, साठच्या स्पीडने, आणि मी एकेका ठोक्याला एकेक पायरी उतरले.